म्युझस्कोर 4 मध्ये दोन क्लॅरिनेट एका स्टाफवर: लग्नसराईभर वापरल्यानंतर

वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांतल्या बँड पार्टीचा संच डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितोय: दोन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम, ढोल. प्रत्येकाला वेगळा स्टाफ (सूर लिहायच्या पाच रेघा) दिला की बँड मास्तरच्या हातात ए4 कागदांचा गठ्ठा येतो. जोड्या एका स्टाफवर आणल्या की तो बराच कमी होतो. म्युझस्कोर या सूर लिहायच्या प्रोग्राममध्ये हे जमतं, पण आपोआप नाही. स्वतंत्र पार्ट (एकेका वादकाच्या ओळी) स्वतःहून एकत्र मांडणारं कंडेन्सिंग डोरिको प्रोमध्ये 2019 पासून आहे, पण तो प्रोग्राम विकतचा. म्युझस्कोर फुकट, तेव्हा हात चालवावा लागतो.

पहिली क्लॅरिनेट व्हॉइस 1 मध्ये (व्हॉइस म्हणजे एकाच स्टाफवरची स्वतंत्र ओळ), दुसरी व्हॉइस 2 मध्ये (कंट्रोल-ऑल्ट-2) लिहायची. सुरांच्या दांड्या आपोआप वर-खाली होतात. गाणं आधीच दोन स्टाफवर उतरवलेलं असेल तर खालच्या स्टाफचे बार (उभ्या रेघांमधले खंड) निवडून टूल्समधून व्हॉइस 1 आणि 2 ची अदलाबदल करा. मग एफ6 दाबून सिलेक्शन फिल्टरमध्ये व्हॉइस 1 ची खूण काढा, कॉपी करा, वरच्या स्टाफवर पेस्ट करा. खूण तशीच राहिली तर व्हॉइस 1 मधले रिकामे रेस्टही (विरामाच्या खुणा) सोबत येतात आणि पहिल्या क्लॅरिनेटची ओळ पुसून टाकतात. काम झालं की खूण परत लावा, नाहीतर पुढची कॉपी अर्धवट होते आणि कारण लवकर सापडत नाही.

टूल्समधल्या ‘इम्प्लोड’चा मोह होतो. पण एकच स्टाफ निवडून तो चालवला की दोन्ही व्हॉइसचे सूर व्हॉइस 1 मध्ये एका दांडीवर कॉर्ड होऊन बसतात. वाचायला सुबक, पण पुढे पार्ट वेगळे काढता येत नाहीत.

कारण पार्ट व्हॉइसवरून निघतात. पार्ट्सच्या खिडकीत क्लॅरिनेटचा पार्ट डुप्लिकेट करा, दोघांना नावं द्या, प्रत्येक पार्ट उघडून इन्स्ट्रुमेंट्स पॅनेलमध्ये नको तो व्हॉइस बंद करा. मुख्य स्कोअरमध्ये (सगळ्यांच्या ओळी एकत्र असतात तिथे) सूर बदलला की पार्टमध्येही बदलतो. ऐन वरातीच्या दिवशी गाण्याची पट्टी बदलणाऱ्यांना याची किंमत कळेल.

फसगत होते ती दोघं एकच सूर वाजवतात तिथे. छापील स्कोअरमध्ये अशा जागी एकच ओळ लिहून वर ‘ए 2’ टाकतात. इथे तसं केलं तर दुसऱ्या क्लॅरिनेटच्या कागदावर तेवढे बार रेस्ट उमटतात आणि वादक खुशाल थांबतो. म्हणून ओळ दोन्ही व्हॉइसमध्ये लिहायची. एका गोलाला वर-खाली दोन दांड्या येतात, थोडं गिचमिड दिसतं, चालवून घ्या. एकट्या पहिल्याचं काम असेल तिथे व्हॉइस 2 चे रेस्ट ठेवून वर ‘1.’ लिहा. दुसरी क्लॅरिनेट बराच वेळ पहिलीच्या वर जात असेल तर मात्र स्टाफ वेगळेच बरे.

क्लॅरिनेट आणि अल्टो सॅक्स एका स्टाफवर कोंबू नका. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली बोलते, ई-फ्लॅट अल्टो सॅक्स त्याहून बरंच खाली, आणि ट्रान्सपोझिशन (लिहिलेल्या आणि वाजणाऱ्या सुरातला फरक) ठरतं वाद्यानुसार, व्हॉइसनुसार नाही.

स्टाफ न वाचणाऱ्यांसाठी सुरांखाली सा-रे-ग लिहायचं तर कंट्रोल-एल. व्हॉइस 2 ची अक्षरं त्याच्याच पार्टमध्ये जातात. एकत्र स्कोअरवर मात्र दोन ओळी एकमेकींवर चढतात, त्यामुळे पहिल्याची अक्षरं प्रॉपर्टीजमधून स्टाफच्या वर न्या. लिरिक्सच्या टेक्स्ट स्टाइलला देवनागरी फाँट नेमून द्या आणि तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफच न्या.

मूळ स्टाफ स्पेस (दोन रेघांमधलं अंतर) 1.75 मिमी, म्हणजे स्टाफची उंची 7 मिमी. स्कोअरसाठी 1.4 पर्यंत उतरलं तरी वाचता येतं. पार्ट मात्र 7 मिमीखाली नेऊ नका, वरातीतल्या हलत्या उजेडात काही दिसत नाही.

खटकणारी गोष्ट म्हणजे मिक्सरमध्ये दोन्ही व्हॉइसना मिळून आवाज कमी-जास्त करायची एकच सरकपट्टी मिळते. तिथून दुसरी क्लॅरिनेट तेवढी हळू करता येत नाही.