रॉकरीतलं पास्कफ्लॉवर: दुसऱ्या वसंतानंतर

माझ्या रॉकरीत, म्हणजे दगड-खडीच्या बागेत, लावलेलं पास्कफ्लॉवरचं एक रोप मेलं आणि नर्सरीने त्याचे पैसे परत द्यायला साफ नकार दिला, म्हणून लिहायला घेतलं. ‘झाड काटक आहे, तुमच्याकडेच काही बिनसलं असेल’ एवढंच उत्तर. काटक तर आहेच! पास्कफ्लॉवर, म्हणजे पल्साटिला वल्गारिस, उणे दहा अंशांतही तग धरतं. त्याला मारते ती हिवाळ्यातली ओल. मेलेलं रोप उपटलं तर मुळांभोवती कुंडीतला पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या शेवाळाच्या मातीचा, काळा गोळा जसाच्या तसा. दाबला की पाणी गळत होतं, बुंधा कुजून लिबलिबीत झाला होता. भोवती कितीही खडी घाला, तो गोळा पाणी धरूनच बसतो. रॉकरीचं झाड म्हणून विकायचं आणि वाढवायचं असल्या मिश्रणात, याचा मला अजूनही राग येतो.

माती झटकून लावावं तर मोठ्या रोपाची खोल गेलेली मुळं तुटतात, आणि मुळं दुखावलेली याला अजिबात खपत नाहीत. त्यामुळे दोन लिटरच्या कुंडीला जास्तीचे पैसे मोजू नका. नऊ सेंटिमीटरच्या कुंडीतलं छोटं रोप घ्या. माझी तशी लावलेली सगळी जगली.

पहिल्या वर्षी माझं मत होतं की फुलं जेमतेम तीन आठवडे टिकतात, तेवढ्यासाठी हा खर्च परवडत नाही. ते मत आता बदललंय. मार्चमध्ये रुपेरी लव पांघरलेल्या कळ्या वर येतात, एप्रिलमध्ये जांभळ्या पाकळ्यांत पिवळेधमक पुंकेसर दिसतात आणि थंडीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या भुंग्यांची गर्दी होते. पण खरी वसुली त्यानंतर. पाकळ्या गळल्या की देठ उंच होतात आणि त्यांवर रेशमी तंतूंचे गोंडे धरतात, ते जूनपर्यंत राहतात. सकाळी दव पडलं की एकेका तंतूवर थेंब वेगळा मोजता येतो.

त्याच गोंड्यांत फुकटचं बी असतं. ताजंच पेरा, काही आठवड्यांत उगवतं. जुनं बी फार रखडवतं. रस अंगाला लागला तर खाज सुटते, हातमोजे घाला.

रॉयस्टनजवळच्या थेरफील्ड हीथवर हे रानात फुलतं, खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, उतारावरच्या पातळ मातीत. इंग्लंडमध्ये अशा जागा आता मोजक्याच उरल्यात, तिथलं उपटून आणू नका. तिथली झाडं बुटकी, पण ठणठणीत. ते पाहून मी खत बंद केलं आणि बुंध्याभोवती बारीक खडीचा थर वाढवला. यंदा एकही रोप कुजलं नाही.