शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप की ईमेल?

परदेशात गेलेल्या शाळेतल्या दोस्तांशी, सर-बाईंशी कॉन्टॅक्ट ठेवायला काय बरं, असं एकीने विचारलं म्हणून लिहितेय. खर्च दोन्हीला नेटचाच. मेहनत ग्रुपमध्ये कमी, एकदा टाकलं की सगळ्यांना पोचतं, १०२४ जण मावतात, पण गुड मॉर्निंगच्या ढिगात बाईंनी विचारलेलं "तुझं कसं चाललंय गं?" कुठच्या कुठे वर जातं आणि उत्तर द्यायचं राहूनच जातं, हे मला फार लागतं. टिकण्यात ईमेल सरस, कारण व्हॉट्सॲप फोन नंबरवर चालतं, तिकडे जाऊन नवा नंबर घेतला आणि कळवायचं राहिलं की माणूस हरवलाच, ईमेल आयडी मात्र तोच राहतो (ऑफिसचा देऊ नका, नोकरी सुटली की बंद). रात्र-दिवसाचा फरकही ईमेलला नडत नाही. फोटो, गप्पा, गेट-टुगेदर ठरवायला ग्रुप घ्या. सरांशी नाहीतर जिवाभावाच्या एकदोघांशी निवांत बोलायचं असेल तर ईमेलच.