झोटेरो : चित्रांवर प्रबंध लिहिणाऱ्यांना कितपत उपयोगी?

कलामहाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला रचना आणि रंगसंगती शिकवावी लागत नाही. घोडे पेंड खाते ते प्रबंधाच्या तळटिपांपाशी. चित्र कुठे पाहिले, मजकूर कोणत्या पुस्तकाच्या कितव्या पानावरचा, हे सारे मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटांत विखुरलेले असते आणि संदर्भसूची सादरीकरणाच्या आदल्या रात्री आठवणीतून रचली जाते. या दुखण्यावर माझ्या विद्यार्थ्यांना मी सुचवतो ते झोटेरो, हे अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली सुरू झालेले संदर्भ जमवून तळटिपा आणि संदर्भसूची रचून देणारे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. त्याचा बोलबाला विज्ञान आणि समाजशास्त्रांच्या शाखांत जास्त आहे, म्हणून हे परीक्षण केवळ कला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून केले आहे.

सर्वांत जमेची बाजू म्हणजे नोंदींच्या प्रकारांत ‘कलाकृती’ हा स्वतंत्र प्रकार आहे. अमृता शेरगिल यांचे १९३५चे ‘तीन मुली’ हे चित्र घेतले, तर कलावंत, माध्यम, आकार, दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि तिथला नोंदणी क्रमांक या प्रत्येकासाठी रकाना मिळतो. हे रकाने भरताना विद्यार्थ्याला पहिल्यांदाच कळते की चित्राचा आकार आपण कधी पाहिलेलाच नव्हता. मात्र ते बहुतेक वेळा हातानेच भरावे लागतात. ब्राउझरमधले झोटेरोचे बटण दाबून नियतकालिकातील लेख क्षणात जमा होतो, पण अनेक संग्रहालयांच्या पानांवर तेच बटण नुसते ‘वेबपेज’ म्हणून नोंद करते. कलावंताचा रकाना कोरा राहतो आणि शीर्षकाच्या जागी संकेतस्थळाचे नाव येऊन बसते. शिवाय मूळ चित्र पाहिले की पुस्तकातली त्याची छापील प्रतिमा, हा प्रश्न सॉफ्टवेअर विचारत नाही. प्रतिमा पुस्तकात पाहिली असेल तर संदर्भ त्या पुस्तकाचाही द्यावा लागतो, आणि एवढा विवेक विद्यार्थ्याकडूनच अपेक्षित आहे.

२०२२च्या सहाव्या आवृत्तीपासून झोटेरोतच पीडीएफ वाचता येते, आणि तिथले चौकट आखण्याचे साधन आपल्या क्षेत्राला फार सोयीचे आहे. जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या आणि त्यांवरचा द्विखंडी ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या स्कॅन प्रतीतल्या एखाद्या हाताच्या मुद्रेभोवती चौकट आखली की तेवढाच तुकडा पृष्ठनिर्देशासह टिपणांत उतरतो. ‘हे नेमके कुठे पाहिले होते’ ही शोधाशोध संपते. (पृष्ठक्रमांक मात्र छापील पानाशी ताडून पाहावा, कारण स्कॅनमध्ये मुखपृष्ठापासून मोजणी झालेली असू शकते.) पुनर्मुद्रण वापरले असेल तर मूळ प्रकाशनवर्ष ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात ठरावीक पद्धतीने लिहिता येते आणि एपीएसारख्या संदर्भलेखनाच्या शैलीत ते छापलेही जाते. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र सावध राहावे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या जुन्या पीडीएफमधला परिच्छेद अधोरेखित केला, की टिपणात निरर्थक रोमन अक्षरांची रांग उतरते. दोष झोटेरोचा नाही, पण अवतरण हाताने टंकण्यावाचून गत्यंतर नसते. मराठी पुस्तकाचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) टाकूनही पुष्कळदा त्याची माहिती सापडत नाही.

वर्ड, लिब्रेऑफिस आणि गुगल डॉक्सशी ते नीट जुळते. परिच्छेद वरखाली केले तरी तळटिपांचे क्रमांक आपोआप बदलतात, आणि मार्गदर्शकांनी ऐन वेळी एमएलएऐवजी शिकागो शैली मागितली तरी रात्र जागवावी लागत नाही. इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून करावी : रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी शीर्षकाच्या नोंदीत भाषेच्या रकान्यात ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरे घालावीत, नाहीतर शिकागोसारखी शैली ते शीर्षक इंग्रजी समजून प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करून टाकते. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपसारख्या समूहाचे नाव एकाच रकान्यात लिहिण्याची सोय आहे; ती न वापरल्यास ‘ग्रुप’ हे आडनाव होऊन सूचीत भलत्याच जागी जाते.

चित्रांचा संग्रह म्हणून पाहिले तर झोटेरो थिटे पडते. शंभर छायाचित्रे नजरेखालून घालावीत अशी छोट्या प्रतिमांची (थंबनेल) मांडणी त्यात नाही, आणि प्रबंधाच्या आरंभी द्यायची चित्रसूचीही ते करून देत नाही. ती वर्डमध्येच करावी लागते. अभिलेखागारात स्वतः काढलेल्या छायाचित्रांसाठी त्याच विद्यापीठाच्या केंद्राने तयार केलेले ट्रॉपी हे मोफत सॉफ्टवेअर अधिक बरे. झोटेरोच्या सर्व्हरवर फायली साठवण्यासाठी ३०० एमबी जागा फुकट मिळते. कलाविषयक स्कॅन ग्रंथ एवढे जड असतात की ती पाच-सहा पुस्तकांतच भरू शकते. २ जीबीसाठी वर्षाला २० डॉलर मोजण्याची विद्यार्थ्याला गरज नाही. फायली स्वतःच्या संगणकावर ठेवून फक्त नोंदी सर्व्हरशी समक्रमित (सिंक) केल्या तर एक पैसाही लागत नाही, कारण नोंदींना ती मर्यादा लागू होत नाही. तेवढी सेटिंग पहिल्याच दिवशी बदलावी आणि फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी.