डावीकडे कललेली संगीन

नेपोलियनच्या काळातल्या लढायांचे धातूचे जुने शिपाई जमवणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शेजारीपाजारी विचारायला कुणी नसतं, आणि आपल्यासारखाच वेडा माणूस फोनवर भेटला की जीव हरखून जातो. माझं नेमकं तेच झालं. जानेवारी २०२४ मध्ये मी ३६ शिपायांचा एक संच ३८,००० रुपयांना घेतला आणि तो साफ बनावट निघाला. समोरच्याचं नाव मी इथे देत नाही, तक्रार दिलेली आहे. पण तो काय करतो, कसं करतो, हे प्रत्येक संग्राहकाला कळलं पाहिजे.

माझी थोडी ओळख. आमचा अमळनेरला छापखाना होता, खिळेजुळणीचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापण्याचा. माझा मामा व्यापारी जहाजावर होता. १९७४ मध्ये त्यानं साउथहॅम्प्टनहून माझ्यासाठी बुटाच्या खोक्याएवढा एक डबा आणला. आत कापसात गुंडाळलेले, रंग न दिलेले, २५ मिलिमीटरचे फ्रेंच गार्डचे ग्रेनेडियर, म्हणजे नेपोलियनच्या खास पलटणीतले पायदळ शिपाई होते. डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी, पाठीवर सॅक, खांद्याला बंदूक. असे शिपाई बनवणारी नेव्हिल डिकिन्सन यांची ‘मिनिएचर फिगरिन्स’ ही कंपनी त्याच गावची, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच समजलं की हा माणूस बोटाच्या दोन पेरांएवढा आहे आणि त्याच्या कोटाची बटणं मोजता येतात.

ओतकामाला लागलो तो छापखान्यामुळे. ऑफसेट छपाई आली, खिळ्यांचं ट्रेडल यंत्र बंद पडलं आणि खिळे किलोवर मोडीत निघाले. वडिलांनी ते भंगारात घातले, मी दोन पोती ठेवून घेतली. खिळ्यांच्या धातूत मुख्यतः शिसं, जोडीला अँटिमनी आणि कथील. अँटिमनीमुळे रस गार होताना कमी आकसतो आणि कडा धारदार उतरतात. अक्षराची वेलांटी ज्या धातूत स्वच्छ उमटते, त्यात शिपायाची मिशी का नाही उमटणार? थोडं कथील वाढवायचं, साच्याच्या तोंडाला टाल्कम पावडर झटकायची, हवा निघायला बारीक वाटा कोरायच्या. ओतकाम मी हिवाळ्यातच करतो. मे महिन्यात आमच्याकडे भट्टीपुढे बसवत नाही आणि पावसाळ्यात साच्यात दमटपणा राहतो. वितळलेल्या शिशाला पाण्याचा थेंब लागला तर रस उसळून तोंडावर येतो. खिडक्या उघड्या ठेवा, घरातलं भांडं वापरू नका, काम झाल्यावर हात घासून धुवा. हे विषयाला सोडून आहे, पण नवीन मुलांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी ओततो ते माझे स्वतःचे शिपाई. एम-सीलमध्ये कोरायचे, त्यावर सिलिकॉनचा साचा घ्यायचा. असईच्या लढाईसाठी शिंद्यांच्या कंपूतलं, म्हणजे कवायती पलटणींतलं पायदळ मी असंच उभं केलं. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून भोकरदनच्या पुढे गेलं की असई. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, आणि बारा वर्षांनी तोच वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा होता. परदेशातला हा छंद खानदेशात कुठून आला, असं विचारणाऱ्यांना मी नकाशावर ती वाट दाखवतो. माझ्या प्रत्येक शिपायाच्या बुडाखाली माझं अक्षर आणि साल कोरलेलं असतं, म्हणजे उद्या कुणी जुना म्हणून विकायला नको.

आता तो माणूस. डिसेंबर २०२२ मध्ये एका ओळखीच्या संग्राहकाकडून माझा नंबर घेऊन त्यानं फोन केला. मोठ्या शहरातला, वय तिशीचं, बोलणं अतिशय आदबशीर. पहिल्याच फोनवर ‘काका’ म्हणाला. पोर्तुगाल-स्पेनच्या मोहिमेतल्या इंग्रज शिपायाची सरळ नळकांड्यासारखी टोपी आणि वॉटर्लूच्या वेळची पुढून उंच पट्टी असलेली टोपी, यातला फरक त्याला माहीत होता. माणूस जाणकार असला की आपण त्याला प्रामाणिकही धरून चालतो. मीही धरलं.

त्यानं पहिल्यांदा मला सहा शिपाई ४,२०० रुपयांना दिले. अस्सल होते. आजही तपासले तरी अस्सलच आहेत. सहा महिन्यांनी म्हणाला, “काका, तुमच्या ग्रेनेडियरपैकी एखादा द्या ना. माझी रांग एका शिपायासाठी अडली आहे. दुरुस्त केलेला असला तरी चालेल.” बदल्यात दोन चिलखती घोडेस्वार देणार होता. माझ्याकडे तसा एक दुरुस्त केलेला होता. मी सोळा वर्षांचा असताना त्याची संगीन तुटली होती. गिरमिटानं भोक पाडून मी तिथे टाचणीचा तुकडा बसवला आणि अराल्डाइटनं पक्का केला. संगीन किंचित डावीकडे कलली आणि बंदुकीच्या नळीखाली अराल्डाइटचा खसखशीएवढा दाणा राहिला. पुढे घासून काढायचं मनात असायचं, पण नंतर ती त्याची खूणच होऊन बसली. चांगले शिपाई द्यायचा धीर होत नव्हता, म्हणून हा दिला. घोडेस्वार आले, तेही खरे. त्यांच्यामुळे माझा विश्वास आणखी घट्ट झाला.

तिथेच मी थांबून विचार करायला हवा होता. रांग पूर्ण करणारा माणूस दुरुस्तीचा शिपाई कशाला मागेल? नमुना म्हणून साच्यात दाबायला मात्र कसाही चालतो.

पुढचा फोन जानेवारीत. इंग्लंडमधल्या एका वृद्ध संग्राहकाच्या वारसांनी त्याचा संग्रह विकायला काढला, १९६८ पासून डबा उघडलेला नाही, ३६ ग्रेनेडियर, त्या काळच्या एनॅमलनं रंगवलेले. फोटो आले. चकचकीत वार्निश, गडद निळे कोट, पांढऱ्या छात्या, लाल झुपके. सगळे फोटो समोरून, उजेड एका बाजूनं. मी बुडाचा फोटो मागितला तर म्हणाला, “बुडाला जुनं पुठ्ठ्याचं बैठक चिकटवलंय काका, ते सोडवलं तर किंमत जाईल.” हे काही खोटं वाटण्यासारखं नव्हतं, जुने लोक खरंच पुठ्ठ्यावर चिकटवत. शिवाय दुसरा गिऱ्हाईक रात्रीपर्यंत पैसे टाकणार होता. मी संध्याकाळी टाकले. सगळे, एकदम. बायको म्हणाली, “निम्मे आधी द्या, निम्मे माल बघून.” तिचं ऐकलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

पार्सल आलं. बऱ्याच संगिनी माना टाकल्यासारख्या खाली वाकल्या होत्या. कुरिअरवाल्यांनी आपटलं असेल असं समजून मी एकेक संगीन बोटानं सरळ केली. किती सहज सरळ झाल्या! दोन पोती खिळे वितळवलेल्या माणसाला तेवढ्यानंच कळायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर डबा होता, १९६८ होतं, इंग्लंडचा म्हातारा होता.

सात आठवडे ते काचेच्या कपाटात उभे होते. मग एकाच्या छातीवरचं वार्निश पिवळं पडलेलं दिसलं, म्हणून रंग उतरवून पुन्हा रंगवायचं ठरवलं. बरणीत डेटॉल घेतलं आणि दोन शिपाई बुडवले. माझा अनुभव असा की जुना एनॅमल रात्रभर ठेवूनही हट्टानं चिकटून राहतो, दातांच्या ब्रशनं घासघासून काढावा लागतो. इथे दोन तासांत रंग सापानं कात टाकावी तसा पापुद्र्यानं सुटून आला. रबरासारखा ताणला जाणारा, म्हणजे आजचा अॅक्रेलिक. पिवळेपणा वार्निशमध्येच कालवलेला होता. बुडाचा पुठ्ठा सुटल्यावर काळं निघालं ते जुनं काळवंडलेलं शिसं नव्हतं. नखानं खरवडलं तर बुटाच्या पॉलिशचा वास आला आणि खाली धातू लख्ख चमकला.

आणि मग भिंगाखाली संगीन दिसली. डावीकडे कललेली. नळीखाली खसखशीएवढा दाणा.

मी दुसरा उचलला. तोच कल, तोच दाणा. उरलेल्या ३४ शिपायांचा रंग दोन दिवसांत उतरवला. प्रत्येकाला माझ्या सोळाव्या वर्षीची चूक चिकटलेली होती. अराल्डाइटचा तो थेंबसुद्धा शिशात ओतलेला. सॅकच्या कोपऱ्यावर आणखी एक बारीक गोळी सगळ्यांच्या एकाच जागी होती. साचा ओतताना सिलिकॉनमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की धातूत अशी गोळी उतरते. माझाच शिपाई साच्यात घालून मलाच छत्तीस वेळा विकला होता. पैसे गेल्याचं दुःख त्यानंतरचं. आधी हातच गळून गेले.

खात्री करायला मी जळगावच्या सराफ बाजारात गेलो. तिथले आमचे जुने स्नेही पेढीवरचा बारीक काटा वापरू देतात. मामाच्या डब्यातला त्याच पोझचा एक अस्सल शिपाई सोबत नेला. व्हर्नियरनं उंची घेतली तर नक्कल मुळापेक्षा जवळजवळ ०.३ मिलिमीटर कमी. धातू गार होताना आकसतो, त्यामुळे शिपायावरून साचा घेऊन ओतलेला शिपाई धाकटाच निघतो. मग वजन. अस्सल ११.६ ग्रॅम, दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवल्यावर १.२ ग्रॅमनं हलका. नक्कल १३ ग्रॅम, पाण्यात १.१६ ग्रॅमनं हलकी. पाण्यात जेवढं वजन घटतं, तेवढं त्याच आकाराच्या पाण्याचं वजन. भागाकार करा: अस्सल पाण्याच्या साधारण ९.७ पट जड, नक्कल ११.२ पट. शुद्ध शिसं ११.३४. म्हणजे आकारानं बारीक, वजनाला जड. काट्यावर वाकलेले स्नेही मान वर न करताच म्हणाले, “नाना, हाई ते निव्वळ शिसं से.” गाडीच्या बॅटरीतलं असावं असा माझा अंदाज. टाचणीएवढी संगीन नुसत्या शिशात तग धरत नाही, ती वाटेतच मान टाकते. कथील चांगलं असलेला धातू वाकवताना कानाशी धरला तर कुरकुरतो. लहानपणी दारावर येणाऱ्या कल्हईवाल्यानं कथलाची कांडी वाकवून मला तो आवाज ऐकवला होता. या संगिनी मुक्या होत्या.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, “वारसांनी मलाही फसवलं काका.” मी संगिनीबद्दल विचारलं. फोन ठेवला, नंतर नंबर बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, भिंगातून संगीनही पाहिली. पण त्यांचा प्रश्न रास्त होता: पैसे तुम्ही स्वतः पाठवले, पार्सल मिळालं, आणि येताय सात आठवड्यांनी? १९३० चा खरा उपयोग पैसे गेल्यावर तासा-दोन तासांत फोन केला तर होतो; तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. माझी रक्कम केव्हाच निघून गेली होती. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नव्हता. अदलाबदलीच्या वेळी त्या शिपायाचा जवळून काढलेला एक फोटो माझ्या फोनमध्ये होता, तेवढाच पुरावा. म्हणून सांगतो, घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक शिपायाचे चारही बाजूंनी आणि बुडाचे फोटो काढून ठेवा, आणि आलेल्या पार्सलचा रंग त्याच आठवड्यात निदान एकाचा तरी उतरवून बघा. बुड दाखवत नसेल, ग्रॅममध्ये वजन सांगत नसेल, तर कितीही ‘काका’ म्हणू दे, पैसे टाकू नका. एकाच पोझचे दहा-बारा शिपाई असतील तर त्यांना शेजारी ठेवून एकच खोट सगळीकडे येते का ते पाहा. अस्सल शिपाई पन्नास वर्षांत वेगवेगळ्या जागी मोडतात.

मागच्या महिन्यात नाशिकच्या एका मुलाचा फोन आला. त्याला २४ ग्रेनेडियर कुणीतरी देऊ करत होतं, या वेळी गोष्ट स्कॉटलंडच्या वाड्यातली होती. त्यानं फोटो पाठवले. मी मोठे करून पाहिले. डावीकडे कल, नळीखाली दाणा. माझ्या सांगण्यावरून त्यानं वजन विचारलं, समोरून उत्तरच आलं नाही. पोराचे पैसे वाचले.

म्हणजे साचा अजून चालू आहे, आणि माझा मूळ शिपाई अजून त्याच्याकडेच असणार, किंवा नकलांच्या घोळक्यात कुणाला तरी विकलाही गेला असेल. तो ओळखायचा उपाय सोपा आहे. त्याची संगीन पोलादी टाचणीची आहे. लोहचुंबक जवळ नेलं की ती ओढली जाते. नकलांची हलत नाही. तुमच्या कपाटात असा एखादा निघाला तर तुम्ही सांगाल ती किंमत देऊन मी परत घेईन.