फुगलेली बॅटरी आणि पोवई नाक्याजवळचं दुकान
साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या गल्लीतल्या छोट्या दुकानात परवा फोनची बॅटरी बदलली. मागचं झाकणच उचकटलं होतं. दादांनी आधी फोन बंद केला, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडेने चिकटा सोडवला. लोखंडी हत्यार बॅटरीजवळ नेलंच नाही. उशीसारखी टम्म झालेली बॅटरी काढून वाळूच्या डब्यात ठेवली. ही काळजी फार भावली.

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते, म्हणून विचारलं, "ही फुगते कशानं?"

"मॅडम, आत गॅस धरतो."

अगदी बरोबर. पण चार्जिंगमध्ये इलेक्ट्रोडही, म्हणजे लिथियम शोषून घेणारा बॅटरीचा आतला भागही, फुगतो. तो ग्राफाइटचा असेल तर साधारण दहा टक्के. सिलिकॉनचा असेल तर तिपटी-चौपटीने, आणि मग तडकतो. म्हणून तर फुगूनही सहजी न तडकणाऱ्या नॅनोतारांवर, म्हणजे अतिसूक्ष्म तारांवर, एवढं संशोधन चालतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या चमूने टिन ऑक्साइडची एकच तार चार्ज होताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लिथियम शिरेल तशी ती जाडावली, लांबली, पिळवटून वेटोळी झाली. आतली स्फटिकरचना विस्कटली, तरी तार तुटली नाही! दादांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून सगळं ऐकलं.

पक्कं बिल आणि सहा महिन्यांची वॉरंटी मिळाली. संध्याकाळी गर्दी असते, सकाळीच जा.