निष्ठा ३.०: गोव्यातल्या एकशिक्षकी शाळेला किती पुरते?

निष्ठा ३.० हा प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीचा, पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचा १२ भागांचा अभ्यासक्रम २०२१पासून दीक्षा या सरकारी पोर्टलवर आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि गणित यावं, यासाठीच्या ‘निपुण भारत’ या केंद्राच्या मोहिमेची उद्दिष्टं समजून घ्यायला तो चांगला आहे. वाचन म्हणजे पाठांतर नव्हे, हे तो ठासून सांगतो. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण अपेक्षिलं आहे, त्यातले बरेच तास यात भरतात. पण तास भरले म्हणून वर्ग बदलत नाही.

खरी अडचण पहिलीच्या वर्गात दिसते. मराठी पुस्तकात ‘आई भात वाढते’ असं वाक्य येतं. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाला भात म्हणजे शेतातलं पीक. ताटात वाढतात ते शीत. त्याने चित्र बघून ‘शीत’ म्हटलं आणि बाईंनी चूक धरली, तर मूल पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. अभ्यासक्रमात घरच्या भाषेवर भर आहे, पण भात-शीत, पाणी-उदक अशा जोड्या त्यात कुठून येणार? त्या तालुक्यातल्या शिक्षकांनीच एकत्र बसून काढायला हव्यात. मुलाने ‘उदक’ म्हटलं की होकार द्यायचा आणि शेजारी ‘पाणी’ लिहायचं. एवढ्याने वर्ग बोलका होतो.

गणितातही तसंच. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, म्हणून मुलं ५२ लिहितात. फळ्यावर दहा वेळा लिहून घेतल्याने हे सुटत नाही. माडाच्या हिरांचे सारखे तुकडे करा, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधा. दोन जुड्या डावीकडे, पाच सुटे उजवीकडे, मग आकडा लिहायचा. मुलाने जुडी स्वतः सोडून परत बांधली पाहिजे. शिक्षकाने बांधून दिली तर उपयोग अर्धाच.

वाचनाच्या चाचणीत मात्र सांभाळा. तिसरीसाठी मिनिटाला ६० शब्द हे निपुणचं उद्दिष्ट. मराठीत ‘शाळेतल्यांना’ हा एकच शब्द मोजला जातो, त्यामुळे उताऱ्यागणिक आकडा हलतो. २०२२च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात भाषेनुसार वेगळे मापदंड ठरवले होते, ते याचसाठी. उतारा न वाचलेला घ्या, चुकलेले शब्द वजा करा आणि शेवटी दोन-तीन प्रश्न विचाराच. अर्थ न कळता भरभर वाचणारं मूल नाहीतर ‘निपुण’ ठरून जातं.

पाठबळाची बाजू लंगडी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. प्रत्यक्षात एकच शिक्षक पहिली ते चौथी सांभाळत असेल तर तो प्रशिक्षणाला गेला की शाळा उघडी कोण ठेवणार? बदली शिक्षक आधी ठरवा, मगच तारीख काढा. शिवाय बहुतेक नमुना पाठ एकाच इयत्तेसाठी आखलेले असतात. चार इयत्तांच्या वर्गात दोन इयत्तांना तोंडी काम आणि दोन इयत्तांना लेखी, असं १५-२० मिनिटांनी फिरवावं लागतं. हे पडद्यावर बघून जमत नाही.

म्हणून साधनव्यक्तीची, म्हणजे शाळेत येऊन शिक्षकाला मार्गदर्शन करणाऱ्याची, भेट महत्त्वाची, आणि तीच बहुधा नोंदवह्या तपासण्यात संपते. अर्धा तास वर्गात मागे बसावं, नंतर शिक्षकाशी एकाच गोष्टीवर बोलावं आणि दोन आठवड्यांत तीच गोष्ट पाहायला परत यावं. परत येण्याची तारीख निघण्यापूर्वीच वहीत लिहून द्यावी.