क वर्ग नगरपरिषदेचं कार्यालय: दहा महिने वापरल्यावर

कार्यालय नाशिक जिल्ह्यातलं, क वर्गातलं, म्हणजे ४० हजारांच्या आत लोकसंख्या असलेल्या गावाचं. एप्रिल ते जानेवारी या काळात घरपट्टी, मिळकतीवरचं नाव बदलणं, नळजोडणी, जन्मदाखले आणि सर्वसाधारण सभेचे ठराव, एवढ्या कामांसाठी वापर झाला. मत आधीच सांगून टाकतो. दाखले वेळेवर मिळतात, घरपट्टीचा भरणा सोपा झालाय, पण नाव हस्तांतरण आणि पाणीपुरवठा विभागात पाठपुरावा केल्याशिवाय कागद हलत नाही. आणि पाठपुरावा करायचा तर हातात एकच गोष्ट लागते, ती म्हणजे आवक क्रमांक.

अर्ज थेट संबंधित टेबलावर देऊ नका. लिपिक ओळखीचा असला आणि "ठेवून जा, बघतो" म्हणाला तरी नको. आधी आवक-जावक टेबलावर जायचं, दोन प्रती न्यायच्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्यायचा. तो क्रमांक आवक रजिस्टरला चढला की अर्ज कोणाकडे मार्क झाला हे पुढच्या रकान्यात दिसतं. पुढच्या खेपेला "माझ्या अर्जाचं काय झालं" असं विचारण्यापेक्षा "अमुक तारखेचा, अमुक क्रमांकाचा अर्ज कर विभागाकडे मार्क आहे, टिपणी कुठपर्यंत आली" असं विचारलं की उत्तर मिळतं. टेबलावर ठेवून आलेला अर्ज लिपिकाची बदली झाली की कपाटात जातो, आणि तो दिला होता हे सिद्ध करायला काहीच उरत नाही.

लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे मुदती ठरलेल्या आहेत. जन्म-मृत्यू दाखला ३ दिवस, मालमत्ता कराचा उतारा ३, थकबाकी नसल्याचा दाखला ३, झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखलेली आहे ते सांगणारा) ७, नळजोडणी १५, मालमत्ता हस्तांतरणाची नोंद १५. मात्र मुदत मोजली जाते ती अर्ज परिपूर्ण असेल तेव्हापासून, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. त्रुटी तोंडी सांगितली जाते, माणूस घरी जाऊन कागद आणतो, मग दुसरी त्रुटी निघते. पहिल्याच वेळी "त्रुटी लेखी द्या" एवढं शांतपणे म्हणावं. लेखी देताना सगळ्या त्रुटी एकदम लिहिल्या जातात. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा मुदतीत देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपील अधिकारी कोण, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. तो बहुधा जिन्याखाली किंवा दारामागे असतो, शोधून त्याचा फोटो काढून ठेवावा.

आता घरपट्टी. या दहा महिन्यांत सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे.

बिल हातात आलं की लोक शेवटचा आकडा बघतात. बघायला हवं ते वरचं: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर. आकारणी भाडेमूल्यावर असेल तर हिशोब असा. समजा घर ६० चौरस मीटर आहे आणि त्या भागाचा, त्या प्रकारच्या बांधकामाचा दर महिन्याला चौरस मीटरमागे १२ रुपये धरलाय. महिन्याचं भाडं ७२० रुपये, वर्षाचं ८,६४०. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के, म्हणजे ८६४ रुपये वजा होतात. उरले ७,७७६, हे करयोग्य मूल्य. मालमत्ता कराचा दर २४ टक्के धरला तर कर १,८६६ रुपये. त्यावर शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, जागा बिगरनिवासी असेल तर रोजगार हमी उपकर. दर प्रत्येक नगरपरिषदेचे वेगळे, पण पायऱ्या याच. म्हणून कर विभागाकडून बिलाबरोबर दरतक्ता मागून घ्यावा आणि घरी बसून एकदा स्वतः आकडा काढून बघावा.

चुका बहुतेक तीनच ठिकाणी सापडतात. लोड बेअरिंगचं, म्हणजे भिंतींवरच भार पेलणारं जुनं घर आरसीसी म्हणून लागलेलं असतं, कारण मोजणीला आलेल्या मुलांनी समोरचा नवा स्लॅबचा ओटा बघून मागचं सगळं तसंच धरलेलं असतं. दुसरी चूक वापराची: पुढच्या खोलीत पूर्वी पिठाची गिरणी होती, ती बंद होऊन सहा वर्षं झाली, पण नोंद बिगरनिवासीच. तिसरी, पत्र्याची शेड किंवा उघडी गच्ची क्षेत्रफळात धरलेली. अर्ज करताना प्रत्येक मुद्द्यासाठी फोटो आणि हाताने काढलेला मोजमापाचा कच्चा नकाशा जोडावा. "कर जास्त आहे, कमी करावा" एवढ्या एका ओळीच्या अर्जावर काहीही होत नाही, आणि होणारही नाही, कारण त्यात तपासण्यासारखं काही नसतं.

दर चार वर्षांनी नवी आकारणी यादी होते. तेव्हा यादी लोकांना बघायला ठेवतात आणि हरकतीला किमान ३० दिवस देतात. या ३० दिवसांचं मोल फार आहे. एकदा यादी कायम झाली की पुढची वर्षं तोच आकडा छापून येत राहतो. हरकत दिली की सुनावणीची नोटीस येते. सुनावणीला गेलं पाहिजे. हरकत देऊन घरी बसणाऱ्यांच्या बाबतीत "अर्जदार गैरहजर" एवढा शेरा पुरतो. फेरआकारणीत बऱ्याचदा मिळकत क्रमांकही बदलतात, म्हणून जुन्या पावत्या टाकू नका. जुना आणि नवा क्रमांक एकाच कागदावर लिहून तो पावत्यांच्या फाइलला लावून ठेवला तर थकबाकीचे निम्मे वाद तिथेच मिटतात. दोन्ही क्रमांकांवर मागणी चालू राहणं आणि एकावर भरलेला कर दुसऱ्यावर थकीत दिसणं, हा प्रकार नेहमीचा आहे.

थकबाकीवर शास्ती, म्हणजे दंड, महिन्याला २ टक्के लागते. ६,००० रुपये थकले तर महिन्याला १२० आणि वर्षाला १,४४० रुपये. वाद चालू असला तरी शास्ती थांबत नाही. त्यामुळे वादात नसलेली रक्कम भरून टाकावी आणि पावतीवर कोणत्या वर्षाचा भरणा हे लिहून घ्यावं. ऑनलाइन भरणा बऱ्यापैकी चालतो, पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे खात्यातून जाऊन पावती निघाली नाही असं घडतं. अशा वेळी पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांकासह वसुली लिपिकाकडे अर्ज द्या, बँकेकडून ताळमेळ लागला की पावती निघते. राष्ट्रीय लोकअदालतीत थकबाकीची प्रकरणं ठेवली जातात, त्या नोटिशीला घाबरायचं कारण नाही.

नाव हस्तांतरणाला खरेदीखताची प्रत, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा गोषवारा, इंडेक्स टू), चालू वर्षापर्यंतची घरपट्टी-पाणीपट्टीची पावती आणि अर्ज लागतो. वारसनोंद असेल तर मृत्यूदाखला, वारसांचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती. काम अडतं ते नावांच्या फरकावर: खरेदीखतात वडिलांचं नाव पूर्ण, रजिस्टरला नुसतं आद्याक्षर. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडलं तर एक फेरी वाचते. आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी: नगरपरिषदेच्या कर रजिस्टरला नाव लागणं म्हणजे मालकी नव्हे. ती नोंद कर कोणाकडून घ्यायचा यासाठी असते. मालकीसाठी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक किंवा सातबारा वेगळा दुरुस्त करावा लागतो. घरपट्टी नावावर झाली म्हणून निर्धास्त झालेली कुटुंबं पुढे वाटणीच्या वेळी हैराण होतात, ते बघवत नाही.

जन्मदाखल्याचं टेबल सगळ्यात चांगलं चालतं. एवढंच लक्षात ठेवावं की नोंद जन्म जिथे झाला तिथे होते, आईवडील राहतात तिथे नाही. बाळंतपण नाशिक शहरातल्या दवाखान्यात झालं असेल तर दाखला नाशिकच्या निबंधकाकडून, आपल्या गावच्या नगरपरिषदेतून नाही. घटनेनंतर २१ दिवसांत नोंद विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बाळाचं नाव नंतर घालायचं असेल तर पहिल्या १२ महिन्यांत फुकट, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दवाखान्यातला फॉर्म भरतानाच मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून बघा. तिथली चूक दुरुस्त करायला नंतर प्रतिज्ञापत्रापासून सगळं करावं लागतं.

नळजोडणी. अर्ज, चालू घरपट्टीची पावती, अनामत, रस्ता खोदाई शुल्क आणि परवानाधारक प्लंबर. घरगुती जोडणी अर्ध्या इंचाची, म्हणजे १५ मिलिमीटरची. मुख्य वाहिनीवर सॅडल (पट्टा) बसवून त्यात फेरूल (पाणी बाहेर काढणारी छोटी तोटी) लावतात, पुढे पाइप, आणि घराच्या हद्दीत बॉल व्हॉल्व्ह. प्लंबर काम करत असताना तिथे उभं राहावं. फेरूल वाहिनीच्या खालच्या बाजूला लागला तर गाळ थेट त्यात उतरतो आणि दोन पावसाळ्यांत धार बारीक होते, म्हणून तो वरच्या अंगाला हवा. पाइप गटार ओलांडत असेल तर गटाराच्या आतून नेऊ देऊ नका. आपल्या गावांत पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही जास्त अंतराने येतं. मधल्या दिवसांत वाहिनी रिकामी असते, आणि गटारात बुडालेल्या सांध्याला बारीक चीर असली तरी घाण आत ओढली जाते. पावसाळ्यात एखाद्याच गल्लीत जुलाब सुरू होतात तेव्हा पहिला संशय अशाच सांध्यांवर घ्यावा. गटाराच्या वरून, केसिंग पाइप (बाहेरचा संरक्षक पाइप) घालून न्या. यात शे-दोनशे रुपये वाचवू नयेत.

पाणी कधी येणार हे व्हॉल्व्हमनच्या हातात आहे असं वाटतं, पण खरं कारण मागे असतं. येवल्याचा साठवण तलाव पालखेड डाव्या कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे ठरावीक काळाने सोडलेल्या पाण्यावर भरतो, मनमाडची भिस्त बरीच वर्षं वागदर्डी धरणावर होती. आवर्तन लांबलं की गावातल्या पाण्याचे दिवस लांबतात. पाणीपुरवठा विभागात "आज का नाही" विचारण्यापेक्षा "आवर्तन कधी, आणि साठा किती दिवसांचा" विचारलं तर नियोजन करता येतं. पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी वर्षाची ठोक असते, मीटरवर नाही. त्यामुळे घर बंद असलं तरी बिल येतं. जोडणी नको असेल तर ती रीतसर तोडून घेऊन तसा दाखला घ्यावा, नुसता नळ काढून उपयोग नाही.

घंटागाडी रोज येते, ओला-सुका वेगळा दिला तर घेते. तक्रारीला जागा नाही.

आता सभा. हा भाग लोक वापरतच नाहीत आणि त्याचं वाईट वाटतं. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण ७ दिवस आधी निघते, विशेष सभेची ३ दिवस आधी, आणि ती विषयपत्रिकेसह कार्यालयाच्या फलकावर लावतात. पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. त्यानंतरचे विषय नीट वाचावेत: कोणत्या प्रभागात कोणता रस्ता, कोणत्या निधीतून. आपल्या गल्लीचं काँक्रिटीकरण त्यात दिसलं तर नळजोडणी किंवा ड्रेनेजची जोडणी लगेच करून घ्यावी. नवा रस्ता फोडायला परवानगी अवघड आणि खोदाई शुल्क जास्त. आपला विषय सभेपुढे यायला हवा असेल तर विषयपत्रिका निघण्यापूर्वी नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी दोघांना लेखी पत्र द्यावं, एक प्रत प्रभागाच्या नगरसेवकाला. सभेच्या दिवशी सकाळी दिलेलं पत्र ऐनवेळच्या विषयांत जातं आणि बहुधा वाचलं न जाताच राहतं.

ठराव झाला म्हणजे काम झालं असा समज आहे. ठरावानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, आणि शेवटी कार्यारंभ आदेश. बांधकाम विभागात ठराव क्रमांक आणि तारीख सांगून "कार्यारंभ आदेश निघाला का" एवढंच विचारावं. निघाला असेल तर त्यात ठेकेदार, रक्कम आणि कामाची मुदत असते. निघाला नसेल तर फाइल कोणत्या मान्यतेला अडली ते कळतं. प्रत देत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करावा, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. "ठराव क्रमांक अमुकची प्रत, त्या कामाचा कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं" असं लिहा. मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते, आणि टेप घेऊन गल्लीत उभं राहिलं की लांबी-रुंदी कोणालाही मोजता येते. जाडी बघायची असेल तर काम चालू असताना, कडेच्या फळीची उंची मोजून.

जायची वेळ सकाळी अकराच्या सुमाराची. आठवडे बाजाराचा दिवस टाळावा, वसुली लिपिक त्या दिवशी बाहेर असतात. मार्चमध्ये कर सोडून दुसरं कुठलंही काम नेऊ नये, कारण सगळी माणसं वसुलीला जुंपलेली असतात. हस्तांतरणाचे अर्ज मेच्या आसपास द्यावेत, तेव्हा नवी मागणी रजिस्टरला चढवण्याचं काम चालू असतं आणि नाव त्याच झपाट्यात बदलून निघतं.